सव्वादोन फूट

फोन आला तेव्हा मावशी एका पायावर उभी होती. दुसऱ्या पायातला बूट दुरुस्तीवाल्याच्या मांडीवर पालथा पडला होता. मोज्यातला पाय टेकवायला त्यानं वर्तमानपत्राची घडी पुढे सरकवली होती, पण घडीवर नेमका कुणा पुढाऱ्याचा हसरा फोटो. पुढारी झाला म्हणून काय झालं, माणसाच्या तोंडावर पाय कसा द्यायचा, या विचारात ती बगळ्यासारखी उभी. ‘द्या हो पाय, त्यांना सवय असते,’ दुरुस्तीवाला म्हणाला. ‘आणि मावशी, हा बूट आता पेन्शनीत काढा. नुसती शिवणच उरलीय, बूट कधीच संपला.’ ‘माझंही तसंच झालंय,’ ती म्हणाली, ‘म्हणून मला काय टाकून द्यायचं?’ तो हसला, ती हसली, आणि त्या हसण्यातच पिशवीतला फोन वाजायला लागला.

‘मावशी, मी गोटी.’

गोटी म्हणजे तिनं चौथ्या महिन्यापासून नवव्या वर्षापर्यंत सांभाळलेली मुलगी. डोकं गोल गरगरीत म्हणून तिनंच ठेवलेलं नाव. आता ही गोटी चौतीस वर्षांची, चष्मा लागलेली, नोकरीतली बाई होती, पण फोनवर अजून तेच नाव सांगायची. ‘एक विचारायचं होतं गं. माझं डोकं दुखतंय ना गेले चार महिने, तर उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. त्यांनी फॉर्म भरायला दिलाय. लहानपणी डोक्याला मार लागला होता का, किती उंचीवरून, कोणत्या बाजूला, शुद्ध हरपली होती का. मी पलंगावरून पडले होते ना? आई म्हणते सव्वादोन फूट. पण आई काही तिथं नव्हती, तू होतीस. मावशी, आई आठ दिवस धड जेवत नाहीये. सारखं एकच, माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं. म्हणून म्हटलं, तुलाच विचारावं. सव्वादोनच ना?’

मावशीचा पाय आपोआप पुढाऱ्याच्या तोंडावर टेकला. ‘फोनवर नको,’ ती म्हणाली. ‘मी येते. आत्ताच येते.’

‘अहो, अर्धी शिलाई बाकी आहे,’ दुरुस्तीवाला ओरडला. तिनं त्याच्या हातातून बूट घेतला, तसाच पायात घातला आणि नाक्याकडे चालू लागली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बूट पुढून उघडला होता आणि बस वळली की त्याचं तोंड मिटे, ब्रेक लागला की पुन्हा वासे. काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखा. मावशीनं तो पाय दुसऱ्या पायामागे लपवला. बसमध्ये कुणाचं लक्षही नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं. आज ना उद्या कुणीतरी आपल्याला हा प्रश्न विचारणार, हे तिला तेहेतीस वर्षं माहीत होतं. गोटी वेळेवर बोलायला लागली नाही तेव्हा तिला वाटलं होतं, आता विचारतील. शाळेत आकडे उलटे काढायला लागली, डाव्या हातानं चमचा धरायला लागली, एकदा तापात बडबडली, तेव्हाही वाटलं होतं. कुणी विचारलं नाही. उलट प्रत्येक वेळी गोटीची आई, म्हणजे ताई, मान वळवून मावशीकडे बघायची. त्या बघण्यात आरोप असता तर मावशीला सोसला असता, आरोप झेलायची तिला घरोघरी सवय झाली होती. ताईच्या बघण्यात नुसती सोबत असायची. आपल्या दोघींनाच ठाऊक असलेलं, आपल्या दोघींचं एक दुःख आहे, असं ते बघणं. ते मावशीच्या अंगावर ओल्या कपड्यासारखं चिकटून बसायचं.

तेव्हा त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसरा मजला, बासष्ट पायऱ्या. ताई नकाशे काढायच्या कचेरीत होती. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा एक निळा घट्टा होता आणि घरातलं काहीही ती मोजल्याशिवाय सोडत नसे. ‘मावशी, बाटलीत दीड इंच दूध उरलंय, तेवढं पाजा,’ असं म्हणायची. साहेब विमा कंपनीत. माणसांच्या मरणाचे हिशेब करून करून त्यांना जगण्यातली प्रत्येक गोष्ट विनोदी वाटायला लागली होती. घर चांगलं होतं. चहा त्याच कपातून मिळे ज्या कपातून ते स्वतः पीत, आणि आजारपणात सुट्टी मागावी लागत नसे. म्हणून तर पुढचं सगळं जास्त लागलं. वाईट माणसांशी खोटं बोलून माणूस रात्री सुखानं झोपतो.

मावशी उंच. लहानपणी तिची आई म्हणायची, हिला दारातून जायला शिकवायला नको, वाकायला शिकवा. त्या घरात तिला दिवसभर वाकावं लागे. बाळाचा टब न्हाणीघराच्या फरशीवर. कपडे बदलायचे ते आतल्या खोलीतल्या पलंगावर, म्हणजे पुन्हा वाकून, आणि लंगोट समोरच्या भिंतीतल्या फळीवर, म्हणजे दर वेळी बाळ उचलून न्या, नाहीतर पाठ फिरवा. बाबागाडी साहेबांच्या बहिणीकडून आलेली, तिचं पुढचं डावं चाक फिरायचंच नाही. रस्त्याच्या प्रत्येक कडेला ती पुढून उचलावी लागे आणि उचलली की मावशीच्या कमरेत कुणीतरी किल्ली फिरवल्यासारखं होई. टक. पहिल्यांदा तिला वाटलं, हाड वाजलं. मग वाजणं बंद झालं आणि नुसती कळ राहिली, ती उजव्या मांडीतून खाली टाचेपर्यंत उतरायची आणि तिथे बसून राहायची, दार न उघडणाऱ्या घराबाहेर पाहुणा बसावा तशी.

तिनं तीनदा मागितलं होतं. पहिल्यांदा बाळ पाचव्या महिन्यात असताना. ‘ताई, बाळासाठी एक उंच टेबल मिळतं बघा, कडा असलेलं, खाली खण. आणि टबाला स्टँड. आणि गाडी जरा बरी.’ ताई दारात बूट चढवत होती. ‘बघू हं मावशी.’ दुसऱ्यांदा रविवारी, साहेब घरी असताना. ‘मावशी,’ साहेब म्हणाले, ‘आमच्या आईनं पाच पोरं जमिनीवर बसून वाढवली. एकही वाकडं निघालं नाही. म्हणजे मी थोडा, पण तो तिचा दोष नाही.’ ताई हसली. मावशीही हसली, आणि हसल्यावर मागणं उरलंच नाही. मीठ पाण्यात पडावं तसं गेलं. तिसऱ्यांदा ताई जेवणाच्या टेबलावर एक भलामोठा कोरा कागद पसरून बसली होती, पेन्सिल दातात. ‘पुढच्या महिन्यात नक्की. एकदा माझं नदीचं ठरू दे.’ आणि मग आपणहून, लहान मुलगी नवा फ्रॉक दाखवते तशी, तिनं मावशीला तो कोरा कागद दाखवला होता. एका नदीचं मुख मोजायला कचेरीची माणसं जाणार होती, सहा महिने, बोटीतून. ताईचं नाव यादीत होतं, बाईमाणूस एकटी तीच. बाळाला सांभाळायला साहेबांची आई आणि मावशी. ‘इथं अजून कुणी मोजलेलंच नाही, मावशी. आम्ही मोजू तेव्हा नदी कागदावर येईल.’ मावशीनं त्या पांढऱ्या कागदाकडे बघून मान हलवली होती. तिला त्यात काही दिसलं नव्हतं, पण ताईचा चेहरा दिसला होता.

तिन्ही वेळा ती ‘बाळासाठी’ म्हणाली. ‘माझी कंबर’ असं एकदाही तोंडातून काढलं नाही. आधीच्या घरात तिच्याबरोबर एक वयस्कर बाई होती, चांगली, मायाळू. ती एका सकाळी सहज बोलून गेली, आताशा कंबर धरते हो. पुढच्या सोमवारी तिच्या जागी दुसरी बाई आली होती, तरुण, ताठ. मावशीनं तेव्हाच कानाला खडा लावला. मूल सांभाळणाऱ्या बाईला कंबर नसतेच, असलीच तर ती तिनं घरी ठेवून यावी.

मग ती दुपार. बसच्या खिडकीतून मावशीला दुकानांच्या पाट्या मागे पळताना दिसत होत्या, पण डोळ्यांसमोर न्हाणीघराच्या हिरवट फरश्या होत्या, एकूण एक. तिनं बाळाला टबात धरलं होतं, डावा हात मानेखाली. उजव्या हातानं पाय चोळले. मग उचलायला म्हणून जोर लावला आणि किल्ली फिरली. टक. आणि या वेळी परत फिरलीच नाही. ती अडकली. वर येता येईना, खाली बसता येईना. तोंड पाण्यापासून वीतभर अंतरावर, आणि खाली बाळ, चमकणाऱ्या पोटाचं, पाय आपटून पाणी उडवत हसतंय. त्याला वाटलं, मावशीनं नवा खेळ काढलाय. घरात कुणी नाही. डाव्या मनगटात कंप सुरू झाला. मनगट गेलं तर मान जाईल, मान गेली तर नाक पाण्यात, इतकं साधं गणित होतं. तिनं फरश्या मोजायला सुरुवात केली. आडव्या नऊ, उभ्या अकरा. पुन्हा आडव्या नऊ. पाणी कोमटाचं गार झालं, बाळाचं हसू थांबलं, ओठ निळसर झाले. शेवटी तिनं टबाच्या कडेवर कोपर रोवलं, गुडघे आपटून खाली टेकले आणि बाळाला छातीशी ओढून टॉवेलात गुंडाळून रांगत रांगत बाहेर आली. रांगायची खरं म्हणजे बाळाची वेळ होती. आतल्या खोलीत पलंगाला टेकून ती किती वेळ बसली कोण जाणे. बाळ झोपून गेलं. पडलं नाही. कुठे खरचटलंसुद्धा नाही.

आज सांगायचंच, असं तिनं ठरवलं. कमरेचं नाही, ते शक्यच नव्हतं. पडता पडता वाचलं, एवढं सांगायचं. संध्याकाळी ताई आली ती दारातूनच हात वर करत, ‘आज काही मागू नका हं मावशी, आज माझ्यात जीव नाही.’ चेष्टेत म्हणाली, रोजच्यासारखी. आणि मावशीच्या तोंडून निघालं, ‘ताई, बाळ पडलं.’

जिभेला हाड नसतं म्हणतात. मावशीला नंतर वाटायचं, सगळं हाड देवानं कमरेतच का घातलं, थोडं जिभेला दिलं असतं तर ती अशी घसरली नसती. ताई कचेरीतल्या कोटासकट जमिनीवर बसली. मावशी वाट बघत होती शिव्यांची. तुमचं लक्ष कुठे होतं, तुम्हाला पगार कशाचा देतो, असं काहीतरी. तसं झालं असतं तर ती म्हणाली असती, नाही हो, पडता पडता वाचलं, मला म्हणायचं होतं ते. पण ताई म्हणाली, ‘तुम्ही तीनदा सांगितलं होतंत. तीनदा. मी ऐकलं नाही.’ आणि मग हलक्या आवाजात, ‘कुठून?’ ‘पलंगावरून,’ मावशी म्हणाली, ‘लंगोट घ्यायला वळले तेवढ्यात.’ ताईनं बाळाला उघडं करून इंच इंच बघितलं. उजव्या कानामागे तिला एक लहानशी खाच सापडली, हरभऱ्याएवढी. ती खाच मावशी आली त्या दिवसापासून होती. मावशीनं रोज तिथलं पाणी टिपलं होतं. आंघोळ आधी साहेबांची आई आणि मग मावशीच घालायची, ताईनं कधी घातली नव्हती, म्हणून तिला ती नवी होती. मावशीनं तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तपासलं, बाळ ठणठणीत आहे म्हणाले. ‘त्यांना काय,’ ताई घरी येऊन म्हणाली, ‘त्यांना आतलं थोडंच दिसतं.’ आणि कोट न काढता मोजपट्टी घेऊन तिनं पलंगाची उंची मोजली. सव्वादोन फूट.

चार दिवसांत सगळं आलं. टेबल, गुळगुळीत लाकडाचं, तिन्ही बाजूंनी कड, खाली तीन खण, उंची तीन फूट, मावशीच्या बरोबर कोपराखाली. टबाचा स्टँड. बाबागाडी अशी, की एका बोटानं ढकलली तरी वळायची. टेबलावर पहिल्यांदा बाळाला निजवलं तेव्हा मावशी ताठ उभी होती. ताठ उभं राहून तिनं लंगोट बदलला, पावडर लावली, गुंड्या लावल्या, आणि शेवटच्या गुंडीला तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ताईला वाटलं, पश्चात्ताप. ती जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मावशी रडत होती ती सुखानं. कंबर दुखत नव्हती. पापाची फळं कडू असतात असं ती ऐकत आली होती. हे फळ इतकं मऊ, इतकं आरामाचं निघेल, याची कुणी कल्पना दिली नव्हती.

नदीचं तिला पुढे आठ-नऊ महिन्यांनी कळलं. ताईच्या कचेरीतली एक मैत्रीण आली होती, चहा पिता पिता सहज म्हणाली, ‘तुझ्या जागी गेला तो गाढव. सगळं मुख चुकीचं काढलंय.’ ताई म्हणाली, ‘असू दे.’ मावशी टेबलापाशी उभी राहून बाळाला झबलं घालत होती, ताठ. तिचा हात बाहीतच राहिला. ताईनं आपलं नाव काढून घेतलं होतं, टेबल आलं त्याच आठवड्यात. त्यानंतर यादीत ते कधी आलं नाही. निवृत्त होईपर्यंत ताईनं कचेरीत बसून दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या आकड्यांच्या रेषा काढल्या. एकदा, गोटी सहा वर्षांची असताना, मावशीनं धीर केला होता. ‘ताई, त्या दिवशीचं...’ एवढं म्हणाली. ताई झटकन म्हणाली, ‘नका बोलू. दुसरी कुणी असती तर मला बोल लावून निघून गेली असती. तुम्ही राहिलात म्हणून मी उभी आहे.’ मावशी राहिली. गोटी नऊ वर्षांची होईपर्यंत राहिली. पुढे किती घरं केली, प्रत्येक घरात पहिल्या दिवशीच सांगितलं, माझी कंबर अशी आहे, मला उंच टेबल लागेल, नसेल तर दुसरी बघा. कुणी ठेवलं, कुणी नाही. जे ताईला सांगायला हवं होतं ते ती सगळ्या जगाला सांगत सुटली.

आता लिफ्ट होती. तरी मावशी जिन्यानं गेली. बासष्ट पायऱ्या, मध्ये दोनदा बसली. दार गोटीनं उघडलं. ‘अगं, लिफ्ट आहे ना! आणि बुटाला काय झालं?’ ‘त्याला बोलायचंय काहीतरी,’ मावशी म्हणाली. आत ताई खिडकीजवळ होती, पांढरे केस कापून बारीक केलेले, साहेब गेल्यापासून आणखी वाळलेली. तिच्यापुढे ते टेबल होतं, तेच. कडा तशाच, त्यावर आता कागद आणि पेन्सिली. ‘या मावशी,’ ती म्हणाली, ‘बरं झालं आलात. मला एकटीला हे पेलत नाही.’ आणि तिनं मधल्या खणातून एक घडी काढून उलगडली. पारदर्शक कागदावर शाईनं काढलेला आतल्या खोलीचा नकाशा. दार, खिडकी, फळी, पलंग, सगळं प्रमाणात. बाजूला पलंगाची उंची. पलंगापासून एक तुटक रेषा, आणि फरशीवर एक फुली. फुलीशेजारी ताईच्या बारीक, सुबक अक्षरात त्या दिवसाची तारीख. ‘त्याच आठवड्यात काढला होता. उद्या डॉक्टरांना देऊ म्हणतेय. फुली बरोबर आहे का तेवढं सांगा. मी अंदाजानं टाकलीय. अंदाजानं टाकलेली माझ्या आयुष्यातली ही एकच खूण.’

मावशीनं कागदाकडे बघितलं. जे कधी घडलं नाही ते इतकं नीटनेटकं, इतक्या मायेनं मोजलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘गोटी पडली नव्हती.’

गोटीच्या हातात फॉर्म होता आणि पेन उघडलेलं होतं. ताई हसली, थकलेलं, प्रेमाचं हसली, आणि मावशीचा हात थोपटला. ‘मला माहीत होतं, तुम्ही असं काहीतरी करणार. हिनं सांगितलं ना तुम्हाला, मी जेवत नाही म्हणून? मावशी, या वयात माझ्यासाठी खोटं नका बोलू.’

‘खोटं तेव्हा बोलले. आता नाही.’

‘कशाला बोलाल तुम्ही खोटं?’

‘कमरेसाठी. कंबर गेली होती माझी. मला टेबल हवं होतं.’

‘कंबर?’ ताईच्या कपाळाला आठी पडली. ती मनात मागे जाऊन एकेक दिवस तपासत होती, हे मावशीला दिसत होतं. ‘तुमची कंबर कधी दुखत होती? एकदाही बोलला नाहीत. दर वेळी बाळासाठी म्हणालात. मला शब्दन् शब्द आठवतो.’

शब्द तेच होते. मग मावशी कानामागच्या खाचेचं बोलली, मी आले त्या दिवसापासूनची आहे म्हणाली. ताईनं मान हलवली, मायेनं, लहान मुलाच्या थापेला हलवावी तशी. गोटीनं नकळत हात कानामागे नेला होता. ‘म्हणजे,’ ती हळूच म्हणाली, ‘डावखुरी मी माझी मीच? आणि गणितात नापास झाले तेही?’ ती हसायला गेली पण हसू अर्ध्यावर राहिलं. ‘मावशी, मी तर सगळं त्या पडण्यावर ढकलत आले गं.’ तिचा विश्वास बसला होता. तो बसलेला बघून मावशीला भीती वाटली. हिचंही काहीतरी आपण काढून घेतलं.

‘गोटी, गप्प बस,’ ताई म्हणाली. ‘मावशी, बाकी राहू दे. जागा तेवढी दाखवा.’ तिनं पेन्सिल पुढे केली. पेन्सिल नेहमीसारखी सुईसारखी टोकदार.

मावशीनं पेन्सिल घेतली. नकाशा खोलीच्या दारापाशी संपत होता. ती कागदाबाहेर गेली, टेबलाच्या लाकडावर, आणि जिथं बाहेरची वाट आणि पुढे न्हाणीघर आलं असतं तिथं तिनं टोक टेकवलं. ‘इथं.’

‘इथं काय?’

‘इथं मी अडकले होते. बाळाला पाण्यात धरून. आडव्या नऊ फरश्या, उभ्या अकरा.’

ताईनं चष्म्यावरून बघितलं. फरश्या आता बदलल्या होत्या, साहेब असतानाच, पण जुन्या नऊ आणि अकरा होत्या हे घरात एकाच माणसाला पाठ असणार, आणि ते माणूस म्हणजे सगळं मोजणारी ताई, मावशी नव्हे. ताई उठली. टेबलाच्या वरच्या खणातून तिनं मोजपट्टी काढली. ‘दाखवा,’ ती म्हणाली. आवाज कोरडा होता, कचेरीतला. ‘किती वाकला होतात?’

न्हाणीघरात गोटीनं दिवा लावला. मावशी जिथं टब असायचा तिथं उभी राहिली, एका पायात उघडा बूट, दुसऱ्यात शिवलेला, दोन्ही दारात काढायचे राहूनच गेलेले. मग वाकली. डावा हात मानेखाली धरावा तसा पुढे केला, उजवा पायांपाशी. रिकाम्या हातांना ते वजन बरोबर आठवलं. ताईनं फरशीपासून तिच्या मनगटापर्यंत पट्टी उभी धरली. ‘आठ इंच,’ ती पुटपुटली. फरशीपासून तिच्या तोंडापर्यंत धरली. ‘सोळा.’ नंतर काही मोजलं नाही. ‘किती वेळ?’

‘पाणी गार होईपर्यंत. ओठ निळे झाले होते तिचे.’

‘आणि मग मी आले तेव्हा...’

‘तुम्ही म्हणालात, आज काही मागू नका.’

मागे गोटी दारात उभी होती. मावशीनं उठायचा प्रयत्न केला आणि किल्ली फिरली. टक. तेहेतीस वर्षांनी, तोच आवाज. ती तशीच राहिली, नव्या फरशीवर डोळे लावून. तिला ताईचा चेहरा दिसत नव्हता. फक्त पायातल्या सपाता दिसत होत्या, निळ्या, एकीची शिवण उसवलेली. मोजपट्टी खाली पडल्याचा आवाज झाला. मग एक हात तिच्या कमरेवर आला, नेमका त्या जागेवर, आणि तिथं थांबला. हातानं दाबलं नाही, चोळलं नाही. एखादी जागा पहिल्यांदा कळल्यावर बोट टेकवावं तसा तो होता.

‘माझी नदी गेली गं,’ ताई म्हणाली.

‘हो,’ मावशी फरशीला म्हणाली. ‘मला माहीत आहे.’

सपाता जागच्या हलल्या नाहीत.